वळणावरची चाल

माघी गणपतीचं विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. सकाळीच लालबागच्या बेंजोवाल्या काकांचा फोन आला. "भाऊ, पुतण्यानं मिरवणुकीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, तर त्यावर कुणीतरी हक्क सांगितलाय. आम्ही वाजवलेल्या चालीवर! तुमच्या त्या गिटारवाल्या पोरांचं गाणं दाखवतंय."

माझी झोपच उडाली. ते गाणं माझ्याच स्टुडिओत झालं होतं आणि गाण्याच्या नोंदीत 'संगीतकार' या रकान्यात त्यांच्यातल्या गिटारवाल्याचं नावही मीच टाइप केलं होतं.

अंधेरीत एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात माझा स्टुडिओ आहे. वर पॅकिंगचं युनिट असल्यामुळे आम्ही काम रात्रीच करतो. चार पोरांचा मराठी रॉक बँड. अनंत चतुर्दशी झाली की बेंजो पार्ट्या मोकळ्या होतात, तेव्हा त्यांनी काकांना एका रात्रीसाठी बोलावलं होतं. रोख चार हजार आणि टॅक्सीचं भाडं.

त्या रात्री सगळ्यात जास्त छळलं ते हमिंगनं. बेंजोला घरी बसवलेला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा तुकडा, होता आणि त्याची वायर उघडी. ती थेट जोडली की पन्नास हर्ट्झची घूंऽऽ. डबा गुंडाळून आणलेली फॉइल मी त्या वायरीला गुंडाळली, तिला अर्थिंग दिलं, आवाज बंद. (महागडे मायक्रोफोन मिरवणाऱ्या स्टुडिओंत एवढं कुणी करत नाही, केबल बदलून पैसे लावतात.) गिटारी अर्ध्या सुरानं उतरवलेल्या, म्हणजे गाणं काळी दोनच्या पट्टीत. काका म्हणाले, "पट्टी आधी सांगायची ना!" आणि तारा जुळवत बसले. जुळवता जुळवता काहीतरी वाजवत होते. माणूस तयार व्हायच्या आधीच रेकॉर्डचं बटण दाबून ठेवायची मला सवय आहे. रेकॉर्डिंग चालू नाही असं वाटतं तेव्हाच लोक मोकळे वाजवतात. 'साउंडचेक १' नावाच्या त्या फाइलीत ती आठ बारची, म्हणजे तालाच्या आठ आवर्तनांची, चाल आहे.

पुढे गाण्यातून तीच राहिली, बाकी सगळं लोक विसरले. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या लयीच्या टिकटिकीवर, काका बसेनात, म्हणून साउंडचेकमधलाच तुकडा कापून मी गाण्याच्या लयीत बसवला. तिसऱ्या फेरीला ते किंचित रेंगाळतात, तेही सरळ केलं. नसतं केलं तर बरं झालं असतं.

दुपारी गिटारवाल्याला बोलावलं. पोरगा वाईट नाही. आला आणि शांतपणे म्हणाला, "दादा, चाल माझीच आहे. मी काकांना गुणगुणून दाखवली होती." मी फाइल उघडली. रेकॉर्डिंगची वेळ नऊ बारा. मग व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. नऊ चाळीसला त्याचाच मेसेज होता, 'पवईला अडकलोय'. बराच वेळ तो स्क्रीनकडे बघत बसला. खोटं बोलत नव्हता तो. तीन महिने तीच चाल ऐकून ऐकून ती त्याची झाली होती. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'माय स्वीट लॉर्ड' गाण्यावर 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं हेच म्हटलं होतं, की नकळत उचललेली चालसुद्धा उचललेलीच. आणि प्रोकोल हॅरम या ब्रिटिश बँडच्या 1967 च्या गाण्यातल्या ऑर्गनवाल्याला संगीतातला चाळीस टक्के वाटा 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिकडच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, जाऊन मिळाला, हा किस्सा तर मला याच पोरानं सांगितला होता, डोळे चमकवत.

"ते वेगळं होतं," तो म्हणाला.

"वेगळं कसं?"

"काकांनी काही लिहून दिलंय का?"

लिहायची गरजच नाही. 1994 च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात चाल रचणारा तो संगीतकार, त्यानं स्वरलिपी काढलेली असो वा नसो. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते बोलत नाहीत. त्यात मीही आलो. रकाना भरताना साउंडचेकची फाइल माझ्या समोरच्याच ड्राइव्हवर होती.

शेवटी काकांना फोन लावून स्पीकरवर टाकला. मी विचारलं, "काका, चाल तुमची ना?"

"माझी कुठली? आमचे मास्तर वाजवायचे. गाडी वळणावर अडकली की पुढं जाता येत नाही, मागची पोरं ढकलायला लागतात. तेव्हा लोकांना जागेवर नाचवत ठेवायला ती चाल."

गिटारवाल्याचा चेहरा एकदम उजळला. "बघा! म्हणजे पारंपरिक! संगीत पारंपरिक, संयोजन माझं." काकांच्या व्हिडिओवरचा दावा त्यानं माझ्यासमोरच फोन करून काढायला लावला, वर "सॉरी काका" म्हणाला. मनापासून म्हणाला. आणि निघताना मला सांगून गेला, "रकाना तेवढा बदलून द्या, शुक्रवारपर्यंत."

तो गेल्यावर मी काकांना परत फोन केला. मास्तर कधी गेले?

"दोन हजार चारला. गौरी आल्या त्या दिवशी."

संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. चाल मास्तरांनीच रचली असेल, तर 2064 पर्यंत ती पारंपरिक होत नाही.

"त्यांनी स्वतः बसवलेली का हो?"

"ते मी कधी विचारलं नाही. आम्ही पोरं होतो, मारायचे."

"नाव काय त्यांचं?"

काका थांबले. पाठीमागे कुणीतरी ढोल ताणून बघत होतं. "मास्तरच म्हणायचो आम्ही. आडनाव... थांबा, करी रोडला त्यांची मुलगी असते, तिला विचारून कळवतो."

आज गुरुवार. फोन आलेला नाही. रकान्यातलं गिटारवाल्याचं नाव मी पुसलंय, तिथे अजून दुसरं काही लिहिलेलं नाही.