सेव्ह टिकलं! मारिओ वर्ल्डच्या बॅटरीचं प्रकरण

टिकलं! ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ या जुन्या निन्टेन्डो (एसएनईएस) गेमच्या कॅसेटमधलं सेव्ह, म्हणजे खेळाची जतन केलेली प्रगती, आतल्या एका छोट्या सेलवर टिकतं, आणि माझ्या कॅसेटचा सेल बदलायचा होता. गेल्या रविवारी कॅसेट काढून कपाटात ठेवली होती, आज सकाळी चहाच्या आधी लावली आणि ‘मारिओ ए’ या सेव्हसमोर १२ (पार केलेल्या वाटांचा आकडा) तसेच्या तसे. अक्षरशः उडी मारली मी.

मागच्या वेळी लिहिलं होतं, नवा सीआर२०३२ (नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल) बसवला की काम झालं. तसं झालं नाही. टॅबवाला (सोल्डर करायला धातूच्या पट्ट्या जोडलेला) पहिला सेल आला तोच २.६ व्होल्टचा, पाकिटावरची तारीख खोडलेली. सुटे सेल स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, आल्याआल्या व्होल्ट मोजायचा मीटर लावा. दुसरा ३.२ दाखवत होता. तो बसवला, पहिला किल्ला जिंकून सेव्ह केलं. लगेच बंद-चालू केलं तर सगळं जागेवर, रात्रभर ठेवलं की कोरं.

रॅमच (सेव्ह साठवणारी चिप) गेली असं वाटून दोन रविवार घालवले. मग एकदा मीटर सेलऐवजी थेट रॅमच्या सप्लायच्या पायाला लावला: ०.३! सेलपाशी ३.२ आणि इथे ०.३, म्हणजे वाट मधेच तुटलेली. भिंगातून पाहिलं तर प्लस टॅबखालचा पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उचकटलेला, कडेला केसाएवढी भेग. जुना सेल काढताना सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवली गेली होती. टॅबपासून पुढच्या रेझिस्टरपर्यंत इनॅमलची बारीक तार टाकली. पायावर २.९. तो आकडा मी पाच वेळा पाहिला असेन. या कामाला तापमान लावता येणारी आयर्नच हवी. आणि स्क्रू उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट (या कॅसेटच्या खास स्क्रूंचा पाना) घ्या, पक्कडीने झटापट करू नका.

एका सेलसाठी इतका जीव का टाकायचा? कारण या कॅसेटमध्ये झिजणारी वस्तू जवळजवळ तेवढीच आहे. गेम १९९० साली जपानात आला तेव्हाच पुरा झालेला होता. ५१२ केबी. योशीज आयलंड २ ही लेव्हल सुरू होताच कूपांची (कासवासारख्या शत्रूंची) रांग समोर येते. पहिल्याचं कवच लाथाडलं की ते एकामागून एक सगळ्यांना उडवत जातं आणि शेवटी १-अप, म्हणजे एक जादा जीव. कुठे पाटी नाही, सूचना नाही. हाताला आपोआप कळतं. योशीवर (मारिओचा डायनोसॉर) बसलात की त्याच गाण्यात ढोलाचा ठेका मिसळतो, उतरलात की थांबतो. ग्लिच (प्रोग्राममधल्या चुका) आहेत, स्पीडरनवाल्यांनी (गेम कमीत कमी वेळात संपवणाऱ्यांनी) खणून काढलेत, पण सरळ खेळणाऱ्याच्या वाटेत ते येत नाहीत. गेल्या महिन्यात एका नव्या गेमची डिस्क आणली, तर पहिला मेन्यू दिसायच्या आधी तासभर डाउनलोड. डिस्क हातात असून गेम हातात नव्हता, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यानंतर लिंक टू द पास्ट या झेल्डा गेमच्या कॅसेटचा सेल बदलायचा होता. पण हे लिहितानाच मारिओ वर्ल्डमधले डॉल्फिन आठवले! जपानी आवृत्तीत योशी त्यांना गिळू शकतो, अमेरिकन आवृत्तीत नाही. म्हणजे आधी जपानी कॅसेट शोधायची. माझा कन्सोल अमेरिकन आहे, आतल्या दोन प्लास्टिकच्या खुंट्या तिला अडवणार. त्या कापायला हात धजत नाही, तेव्हा अडॅप्टरच बघतो. कुणी वापरला असेल तर कुठला घेतला ते सांगा.

तोवर आज रात्री डोनट सीक्रेट हाऊस, गेममधलं भुताचं घर. तिथल्या मोठ्या भुताला, बिग बूला, हरवून स्टार रोड ही गुप्त वाट उघडायची आहे.