बैगांकडे भाषेचा पुरावा मागू नका

हा गोंदियाचा माणूस मध्य प्रदेशातल्या डिंडोरीत बैगा आदिवासींमध्ये राहून आलाय असं कळलं, की लोक हटकून विचारतात: गोंडांना गोंडी आहे, कोरकूंना कोरकू आहे, बैगा तर छत्तीसगढीच बोलतात, मग ते वेगळे कसे? तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

बैगांची बोली बैगानी छत्तीसगढीच्या जवळची आहे, मान्य. फार पूर्वी त्यांची भाषा मुंडा कुळातली असावी, असं काही अभ्यासक मानतात. पण भिल्लांची भाषाही आज गुजराती-मराठीच्याच कुळातली आहे. त्यांना कोणी हा प्रश्न विचारत नाही.

बैगाचक या डिंडोरीतल्या बैगा गावांच्या पट्ट्यात, एका अंगणात शहरातून एक अभ्यासक रेकॉर्डर घेऊन आले होते. त्यांना एका म्हातारीकडून 'जुने शब्द' हवे होते. तिनं नंगा बैगा या त्यांच्या आदिपुरुषाची कथा लावली: धरती डगमगत होती, त्यानं खिळे ठोकून ती स्थिर केली, म्हणून आम्ही भुईचे राखणदार. हातवारे करत, मध्येच गात ती सांगत होती. पाहुणे जरा वेळानं म्हणाले, "ही तर छत्तीसगढीच," आणि त्यांनी रेकॉर्डर बंद केला. तिनं ते पाहिलं. कथा तिथेच थांबली. नातवानं विनवलं, मी विनवलं; ती उठून कोदो हे भरड धान्य पाखडायला गेली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

धरतीमातेची छाती नांगरानं फाडायची नाही, म्हणून हे लोक बेवर करत: झाडझुडूप तोडून जाळायचं, राखेत कोदो-कुटकी फेकायची, काही वर्षांनी जागा सोडायची. इंग्रजांना साल वृक्षाचं लाकूड हवं होतं. त्यांनी बेवर मोडून काढली आणि १८९० मध्ये बेवरपुरता एक चक, म्हणजे ठरावीक पट्टा, आखून दिला; तोच हा बैगाचक. हा मध्य प्रांताचा कारभार आपल्या नागपुरातून चालायचा. पुढे कान्हाच्या वाघांसाठीही बैगांची गावं उठली. यातलं काही मला कोणी विचारत नाही.

पूर्वी मी वाद घालायचो, की जमीन टिकली तर बाकी सगळं टिकेल. आता तितक्या ठामपणे म्हणवत नाही. वनहक्क कायद्याखाली डिंडोरीतल्या काही बैगा गावांना अधिवासाचा हक्क, म्हणजे आपल्या पारंपरिक मुलखावरचा सामूहिक हक्क, मिळाला, तोही देशात पहिल्यांदा. ती लढाई मोठीच होती. पण त्याच गावांतली पोरं शाळेत हिंदीतच शिकतात, आणि घरी आजीनं बैगानीत काही विचारलं तर हिंदीत उत्तर देतात.