वहीतला ‘दुसरा’ आणि नवी ‘पहिली’

टाकीच्या समोरच्या काचेवर बाहेरून मी एक पारदर्शक मोजपट्टी चिकटवली आहे. दर रविवारी सकाळी खाणे मिळण्याच्या आशेने मासे काचेजवळ गोळा होतात, तेव्हा एकेकाचे छायाचित्र घ्यायचे, पट्टीशी ताडून लांबी काढायची आणि वहीत लिहायची, हा क्रम गेली तीन वर्षे चालू आहे. गेल्या वर्षीच्या मार्चमधील एक नोंद अशी आहे : पहिली ७.४ सेंटीमीटर, दुसरा ५.९, तिसरा ४.८, चौथा ३.९, पाचवा ३.२, सहावा २.७. हे सहाही ऑसेलारिस जातीचे क्लाउनफिश एकाच जोडीच्या एकाच वेळच्या अंड्यांतून जन्मलेले, एकाच दिवशी आमच्या ठाण्याच्या घरी आलेले आणि एकच खाणे खाणारे. तरीही त्यांच्या आकारांत असा पायरीपायरीचा जिना पाहून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, की धाकटे मासे आजारी आहेत का. ते आजारी नाहीत. जगण्यासाठी त्यांनी आपली वाढ रोखून धरलेली आहे, आणि या माशांचा गट पाळू इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी गोष्ट हीच आहे, असे माझे मत आहे.

क्लाउनफिशमध्ये जन्मतः कोणीही मादी नसते. गटातील सर्वांत मोठा मासा मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर म्हणून तिच्याशी जोडी जमवतो आणि बाकीचे प्रजननात भाग न घेता रांगेत थांबतात. मादी गेली की नराचीच मादी होते आणि तिसरा नराच्या जागी येतो, हे हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतील पर्क्युला या जवळच्या जातीवर केलेले काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. रांगेतील प्रत्येक मासा आपल्या वरच्या माशाच्या साधारण ८० टक्के आकारावर थांबतो, असे त्यातून दिसले. वरच्याच्या बरोबरीला आलेला मासा प्रतिस्पर्धी ठरतो आणि समुद्रपुष्पाच्या (हा फुलासारखा दिसणारा, डंख करणाऱ्या शुंडकांचा म्हणजे सोंडेसारख्या लवचीक बोटांचा समुद्री प्राणी) आसऱ्यातून हाकलला जातो, आणि आसऱ्याबाहेर उघड्या पाण्यात पडलेला इतका लहान मासा फार काळ वाचत नाही. माझ्या वहीतील आकड्यांचे भागाकार मी पहिल्यांदा करून पाहिले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती.

घरच्या टाकीत भक्षक नसतात, हे खरे. मात्र हाकललेल्या माशाला पळून जायलाही जागा नसते. तो काचेला थडकतो आणि पुन्हा मारेकऱ्याच्या समोर येतो. आमच्याकडे मुळात सात मासे आले होते. दुसऱ्या महिन्यात सातव्याच्या शेपटीच्या कडा झिजल्यासारख्या दिसू लागल्या, तो पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात उभा राहू लागला आणि खाण्यासाठी खाली येईनासा झाला. त्याच दिवशी मी त्याला दुसऱ्या लहान टाकीत हलवले, म्हणून तो वाचला, आणि आज एका मित्राच्या घरी तो सुखरूप आहे. अशी दुसरी टाकी तयार नसेल, तर गट पाळण्याचा विचारच करू नये, एक जोडी पाळावी. स्थिरावलेल्या जोडीत नंतर तिसरा मासा सोडणे तर उघड क्रौर्य आहे. सर्व मासे लहान असतानाच एकत्र सोडलेले असावेत, आणि तेही टाकीत पैदास झालेले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे केव्हाच विकसित केलेले असताना समुद्रातून पकडलेला मासा विकत घेण्याचे काही कारण मला दिसत नाही.

टाकीविषयी थोडक्यात सांगतो. ती चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे, म्हणजे पाणी साधारण साडेचारशे लिटर. आरओच्या पाण्यात सागरी मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि तापमान २६ अंश राखतो. ठाण्याच्या उन्हाळ्यात चिलरशिवाय हे शक्य नाही. खडक प्रवाळाचे नाहीत, मातीचे भाजलेले आहेत. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते समुद्रातच असावेत.

समुद्रपुष्प मी अकराव्या महिन्यात आणले. नव्या टाकीचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी स्थिर नसते, आणि समुद्रपुष्पाला ही अस्थिरता माशांपेक्षा फार लवकर बाधते. माझे बबल टिप जातीचे आहे, आणि तेही एका मित्राच्या टाकीत दुभंगून झालेल्या दोन समुद्रपुष्पांपैकी एक. (हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला समुद्रपुष्पे दिसतात, ती उचलून आणण्याचा मोह कोणी करू नये.) त्याच्या ऊतींमध्ये राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते, म्हणून दिवा प्रखर लागतो, शिवाय आठवड्यातून दोनदा मी कोळंबीचा शेंगदाण्याएवढा तुकडा देतो. समुद्रपुष्प मनाला येईल तिकडे सरकते आणि सरकत सरकत पंपाच्या तोंडाशी गेले, तर त्याच्या चिंध्या होतात आणि त्या विषाने सगळी टाकी जाऊ शकते. त्यामुळे ते आणण्यापूर्वीच प्रत्येक पंपावर मी जाड स्पंज बसवला होता. चौथ्या दिवशी त्याने खडकाच्या एका खाचेत पाय रोवला आणि तेव्हापासून ते तिथेच आहे.

निसर्गात ऑसेलारिस बबल टिपमध्ये राहत नाही, त्यामुळे मासे त्याला स्वीकारतील याची शाश्वती नव्हती. बावीस दिवस त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. तेविसाव्या दिवशी संध्याकाळी पहिली जवळ गेली, छातीचा पर एका शुंडकाला टेकवला आणि चटका बसल्यासारखी मागे झाली. शुंडक तिच्या पराला क्षणभर चिकटून ताणले गेलेले मला स्पष्ट दिसले. ती पुन्हा आली, या वेळी पोट टेकवले, मग शेपूट. तासाभरात ती मधोमध पहुडली होती आणि शुंडके तिच्या अंगावरून नुसती घरंगळत होती. पुढच्या आठवड्यात दुसरा आत गेला. बाकीच्यांना आत येण्याची मुभा मिळाली ती क्रमानेच, आणि सहावा तर कित्येक महिने बाहेर, खडकाच्या सावलीत झोपत असे. पहिली जवळून गेली, की तो एका कुशीवर कलंडून सर्व अंग थरथरवायचा. ही शरणागतीची खूण आहे. ती मिळाली की पहिली त्याला काही न करता पुढे जात असे.

एप्रिलमध्ये टाकीच्या झाकणातून वायर जाण्यासाठी ठेवलेली दोन बोटांची फट मी बुजवायची विसरलो. सकाळी पहिली जमिनीवर वाळलेली सापडली. त्या दिवशीच्या नोंदीत लांबीचे रकाने मी रिकामे ठेवले आहेत.

त्यानंतर जे घडले ते मी वाचलेले होते, तरीही डोळ्यांपुढे घडताना ते वेगळेच वाटले. दोन दिवस दुसरा समुद्रपुष्पाच्या भोवती येरझारा घालत राहिला. मग त्याने तिसऱ्याला हटकायला सुरुवात केली आणि तिसरा त्याच्यापुढे थरथरू लागला. वर्तन आधी बदलते, शरीर मागाहून. सर्वांची वाढ मात्र जणू कोणी गाठ सोडवल्यासारखी सुरू झाली. त्या महिन्यांतल्या माझ्या नोंदी व्याकरणदृष्ट्या गोंधळलेल्या आहेत : एका रविवारी ‘दुसरा आला’, पुढच्या रविवारी ‘आली’, त्यानंतर पुन्हा ‘आला’. नोव्हेंबरमध्ये समुद्रपुष्पाच्या बुडाशी असलेल्या सपाट खडकावर नारिंगी अंड्यांचा थर दिसला, आणि त्या दिवसापासून वहीत क्रियापद बदललेले नाही.

पहिली अंडी त्या दोघांनीच खाऊन टाकली. नव्या जोड्या असे करतात. दुसऱ्या वेळी तिसरा, म्हणजे आताचा नर, आठ दिवस परांनी पाणी घालत आणि तोंडाने अंडी साफ करत त्यांच्यापाशी राहिला. शेवटच्या संध्याकाळी प्रत्येक अंड्यात चंदेरी डोळ्यांची जोडी चमकत होती. दिवे गेल्यावर ती फुटली आणि काही दिवसांतच एकही पिल्लू उरले नाही, कारण पहिल्या दिवसांत त्यांना खायला लागणारे रोटिफर हे सूक्ष्म जलचर माझ्याकडे नव्हते. आता खिडकीत सहा बाटल्या आहेत, तीन हिरव्या शैवालाच्या आणि तीन रोटिफरच्या. गेल्या रविवारची नोंद : पहिली ७.२, नर ५.८, पुढचे ४.७, ३.८ आणि ३.१. शेवटचा आकडा पूर्वीच्या सहाव्याचा आहे. तो आता समुद्रपुष्पाच्या कडेच्या शुंडकांत झोपतो.