तीस सेकंदांची गुळणी

कोविडच्या काळात घरोघरी पोव्हिडोन आयोडीनच्या तपकिरी गुळण्या चालल्या होत्या. तेव्हापासून मी माऊथवॉशवर काम करते म्हटलं की लोक विचारतात, "त्यानं विषाणू मरतो का हो?" प्रयोगशाळेत तरी मरतो. करोनाच्या विषाणूला चरबीचं पातळ आवरण असतं आणि अनेक माऊथवॉशमध्ये असणारं सीपीसी, म्हणजे सेटिलपिरिडिनियम क्लोराइड, ते फोडतं. पण आपल्या पेशींचं आवरणही मुख्यतः चरबीचंच. त्या आवरणाचं काय होतं, हे तपासणं माझं काम.

अक्कलदाढ काढताना निघालेला हिरडीचा तुकडा आम्ही रुग्णाच्या लेखी संमतीनं घेतो आणि त्यातून फायब्रोब्लास्ट, म्हणजे हिरडीला आधार देणाऱ्या तंतूंच्या ऊती बनवणाऱ्या पेशी, वाढवतो. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये त्या तळाला नीट चिकटल्या की औषध घालायचं. नंतर एमटीटी चाचणी: जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचं जांभळं करतात, तो रंग यंत्रावर मोजायचा. औषध न घातलेल्या पेशींच्या तुलनेत जिवंतपणा ७० टक्क्यांखाली गेला, तर आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते द्रव्य पेशींना घातक.

मात्र ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हे माऊथवॉशमधलं जंतुनाशक पेशींवर चोवीस तास ठेवलं तर त्या मरणारच! चूळ आपण अर्धा-एक मिनिट धरतो. म्हणून मी तीस सेकंदांनी औषध काढते, पेशी धुते, ताजं माध्यम (पेशींचं पोषक द्रावण) घालते आणि दुसऱ्या दिवशी मोजते, कारण काही पेशी उशिरा मरतात. माध्यमात सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) असेल तर त्यातली प्रथिनं औषधाला धरून ठेवतात आणि जहाल औषधही सौम्य भासतं. त्यामुळे कुणाचाही शोधनिबंध हातात आला की टक्केवारीआधी मी वेळ आणि सीरम बघते.

फायब्रोब्लास्ट तर तोंडाच्या आतल्या अस्तराच्या खाली असतात, त्यांच्यापर्यंत औषध पोचतंच कुठे, असा आक्षेप येतो. निरोगी तोंडापुरता तो खरा आहे. पण दात काढल्यावर, हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा केमोथेरपीनं तोंड सोललं की ते अस्तरच उरत नाही, आणि गुळण्या करायला आपण सांगतो त्या बहुतेक अशाच माणसांना. माझा जीव त्यांच्यात अडकलेला असतो. (बाटलीवर पाणी घालायला सांगितलं असेल तर कृपा करून घाला. 'कडक घेतलं की लवकर गुण' असं नसतं.)

आणि पेशी नुसती जिवंत राहून भागत नाही, तिनं सरकून जखमही भरायला हवी. म्हणून आता पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकानं रेघ ओढून, औषध लावल्यानंतर ती किती वेळात बुजते, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतेय.