बाळंतपणाची बॅग भरताना

36वा आठवडा लागला आणि मी बॅग भरायला घेतली. सगळ्यात वर फाइल: रक्तगटाचा रिपोर्ट, सोनोग्राफी, ओळखपत्र. मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर शोधाशोध नको. गाऊन पुढून बटणांचेच घेतले, पाजायला सोपं जातं. पॅड मात्र मोठे आणि भरपूर हवेत. बाळंतपणानंतर रक्तस्राव कित्येक दिवस चालतो. हे आधी कुणी नीट सांगतच नाही!

बाळाची झबली धुऊन, उन्हात वाळवून घड्या घातल्या. टोपडं सहज मुठीवर चढवून बघितलं, तर नेमकं बसलं. एवढंसं डोकं! नवजात बाळाचं अंग पटकन गार पडतं, म्हणून टोपडी जास्तीचीच ठेवली. लांब वायरचा चार्जर नवऱ्याने आठवणीने टाकला. घरी येतानाचा माझा ड्रेस सैलसरच, पोट काही लगेच उतरत नाही.