आडवा पाडलेला मायक्रोस्कोप

तीन दिवस एकाच गोष्टीवर डोकं आपटत होतो. अ‍ॅरॅबिडॉप्सिसची (मोहरीच्या कुळातली, प्रयोगांत नेहमी वापरली जाणारी छोटी वनस्पती) पाच दिवसांची रोपं, मूळ केसाएवढं, त्याच्या टोकाला मूलटोपी. टोपीच्या मधल्या पेशींत स्टार्चने गच्च भरलेले दाणे असतात, अमायलोप्लास्ट. रोप आडवं केलं की ते पेशीच्या नव्या तळाकडे घरंगळतात आणि मुळाला ‘खाली’ कुठे ते कळतं. नेमेक आणि हाबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०० मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली ही कल्पना मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. माझ्या स्लाइडवर मात्र दाणे पेशीभर विखुरलेले. एका बाजूला सरकायचं नावच नाही.

आधी संशय बियाण्यावर गेला. स्टार्च न बनवणारा म्युटंटही, म्हणजे जनुकात बदल झालेला वाणही, आमच्याकडे आहे. पाकिटांची अदलाबदल झाली असणार. आयोडीनचा थेंब टाकला, तर टोपी निळीकाळी. म्हणजे स्टार्च होता.

“सर, पण स्लाइड झोपलेली आहे ना?” एम.एस्सी.ची विद्यार्थिनी म्हणाली.

मी गप्पच झालो. दाणे पडत होतेच, पण काचेच्या दिशेने. मी वरून बघत होतो, मला ते पडणं दिसणार कसं?

मग दोघांनी मिळून मायक्रोस्कोप पाठीवर आडवा केला. तेलाची लेन्स वापरायची सोय राहिली नाही. ओघळ कोण पुसत बसणार! स्लाइड उभी, मुळाचं टोक खाली. दाणे टोकाकडच्या भिंतीशी मुकाट बसलेले. स्टेज नव्वद अंश फिरवलं. आधी एक दाणा सुटला, अडखळला, मागोमाग दोन. काही मिनिटांत सगळे नव्या तळाशी. मूळ अजून सरळच!

वाकणं नंतरचं. दाण्यांवरची ‘लेझी’ नावाची प्रथिनं पेशीच्या खालच्या पटलावर जातात, हे २०२३ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या बाजूला जास्त वाहतं. मुळात जास्तीचं ऑक्झिन वाढ रोखतं. वरची बाजू लांबत राहते आणि टोक खाली झुकतं. खोडात तेच ऑक्झिन वाढ वाढवतं, म्हणून खोड वर उचलतं.

“आता तो दुसरा लावूया,” ती म्हणाली. स्टार्च नसलेल्या रोपाचे दाणे जेमतेम हलले. प्लेट आडवी ठेवून आम्ही कामाला लागलो. संध्याकाळी पाहिलं, तर तेही मूळ वाकलं होतं. थोडंसंच, पण खालीच.