चार कोपरे आणि एक ताट

आज शेवटी करून बघितलंच. पहिली ते चौथी एकाच खोलीत, 19 पोरं, चौथीतली एक घडाघडा वाचते आणि तिसरीतला एक अजून जोडाक्षराला अडतो, सगळ्यांना एकच धडा देऊन काय होणार? निपुण भारत ही सरकारची वाचन-गणिताची मोहीम 2021 पासून चालू आहे, तिसरीपर्यंत समजून वाचता यायला हवं, कबूल, पण एका बाईने एका वेळी किती जणांचं ऐकायचं? म्हणून चार कोपरे केले, अक्षरकार्डं, जोडीने वाचन, चित्र बघून लिहिणं आणि चौथा माझ्याजवळ. गट इयत्तेवर नाही, वाचनावर. दर 15 मिनिटांनी खिचडीचं ताट वाजवायचं की पुढच्या कोपऱ्यात.

पहिल्या ताटाला सगळी जेवायला धावली 😂

त्यात कौलातून नेमकं अक्षरकार्डांवर गळायला लागलं. पण माझ्याजवळ पाचच पोरं, त्यामुळे कोण कुठे अडतंय ते खरंच ऐकू आलं, एरवी सगळ्यांसोबत ओठ हलवून निभावतात आणि आपल्याला वाटतं वाचतायत. तो तिसरीतला हर्णै बंदराकडचा. त्याला पुस्तकाऐवजी चिठ्ठ्या दिल्या, सुरमई, बांगडा, कोळंबी, मच्छी. 'मच्छी'वर थांबला, बोट तसंच अक्षरावर, मग हळूच "मच्... छी". आणि लगेच मलाच, "बाई, म्हावरं का नाय लिवलंत?"

लिहिलं मग. 'म्ह' पण जोडाक्षरच की, पण ते न अडता वाचलंन.

उद्या ताट नको, घंटाच आणते.